रोटरची चळत कलते ती तळापासून

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड होती. तळाला चुंबळीवर मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडकं, असं करत सगळ्यात वर मिठाचं गाडगं. गाडगं कललेलं दिसलं की आम्ही पोरं तेच सरळ करायला धावायचो आणि आजी ओरडायची, "वरचं नका छेडू, चुंबळ बघा." मग ती अख्खी उतरंड उतरवायची, चुंबळ झटकून पुन्हा वळायची आणि तळापासून रचायची. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात छोट्या गॅस टर्बाइनचे रोटर, म्हणजे आतले फिरणारे भाग, जुळवण्यात माझी एकवीस वर्षं गेली. तिथे शिकलेलं आणि पुढे शिकवलेलं जवळपास सगळं त्या चुंबळीपाशी येऊन थांबतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी मूळची मशिनिस्ट. आयटीआय झाल्यावर मला मोजमापाच्या खोलीत बसवलं, कारण असेंब्लीत बाई नको असं तेव्हाच्या एका साहेबांचं मत होतं. सहा वर्षं मी त्या खोलीत डायलच्या, म्हणजे बारीक फरक मोजणाऱ्या घड्याळासारख्या उपकरणाच्या, सुईकडे बघत काढली. साहेबांना कल्पना नव्हती की ते मला असेंब्लीचंच शिक्षण देतायत. नंतर असेंब्लीत गेले तेव्हा पाना धरणारे हात तिथे भरपूर होते, सुई वाचणारे डोळे कमी होते. पोरं अजूनही "डायलवाल्या ताई" म्हणतात.

खालचे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा आणि माझा आकडा भांडले, तर माझा खुशाल फेकून द्या.

आधी चळत म्हणजे काय ते. कॉम्प्रेसरचा, म्हणजे टर्बाइनमधल्या हवा दाबणाऱ्या भागाचा, रोटर म्हणजे एकावर एक बसवलेल्या डिस्क, प्रत्येकीच्या कडेला पाती. अख्खा रोटर एकाच ठोकळ्यातून कातून काढला असता की, असं नवीन पोरगं हमखास विचारतं. पण पुढच्या डिस्कना हलकं टायटॅनियम चालतं. मागे हवा दाबून दाबून तापलेली असते, तिथे पोलाद नाहीतर निकेलचा मिश्रधातू लागतो. शिवाय एक डिस्क खराब झाली तर तेवढीच बदलता यावी. म्हणून तुकडे. तुकडे आले की सांधे आले, आणि सांधा आला की कल आला.

सांधा दोन तऱ्हांचा भेटतो. एक स्पिगॉटचा: एका डिस्कला गोल खांदा, दुसरीला त्याच मापाची खोबण, आणि कडेनं बोल्टांचं कडं. दुसरा कर्विक: दोन्ही फेसवर, म्हणजे एकमेकींना टेकणाऱ्या सपाट बाजूंवर, वक्र दात, एकमेकांत रुतणारे. या दोन्हींबरोबर कधी कधी मधून आरपार एकच लांब टाय बोल्ट असतो, जो सगळी चळत आवळून धरतो. मी मुख्यतः स्पिगॉटबद्दल सांगते, कारण चुका जास्त तिथेच होतात.

आदल्या संध्याकाळी

काम सकाळी आठला सुरू करायचं असेल तर खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. मोजमापाचं जगभर ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस. आपल्या नाशिकची शेड मे महिन्यात चाळिशीला टेकते आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरते. ३०० मिमी व्यासाची पोलादी डिस्क दर अंशाला सुमारे ३.६ मायक्रॉन फुगते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे मेमध्ये शेडमधून उचलून थेट वीस अंशांच्या खोलीत आणलेली डिस्क त्या क्षणी ७२ मायक्रॉन मोठी असते, आणि आपण दिवसभर भांडणार असतो पाच मायक्रॉनसाठी.

म्हणून सगळ्या डिस्क, स्पेसर (डिस्कांमधली अंतर राखणारी कडी), बोल्ट, फिक्श्चर, अगदी मायक्रोमीटरसुद्धा रात्रभर एसी खोलीत ठेवा. सगळं म्हणजे सगळंच. डिस्क आत आणि स्पेसर दारात, असं मी पाहिलंय. ज्यानं केलं त्याचा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न होता की काल बसत होतं ते आज का बसत नाही. एसी रात्री वीज वाचवायला बंद करू नका. सकाळी हवा तासाभरात गार होते, चाळीस किलोचं पोलाद होत नाही.

आणि उघड्या हातानं डिस्क कवटाळून उचलू नका. हाताची ऊब लागते, घामाचे डाग पडतात. घामातलं मीठ टायटॅनियमवर राहून पुढे तापलं तर त्यातून भेगा धरू शकतात.

कापड, पेन्सिल आणि एक धागा

स्वच्छ करणं हे हेल्परचं काम मानलं जातं. माझ्या टेबलावर ते काम मीच करायचे.

धागे सुटणार नाहीत असं कापड घ्या. कॉटन वेस्ट त्या खोलीत आणूच नका. मॅन्युअलनं सांगितलेलाच सॉल्व्हंट वापरा. क्लोरीन असलेला टायटॅनियमला चालत नाही. स्पिगॉटच्या कडेवर आणि बोल्टच्या भोकांच्या तोंडावर नखानं हळू फिरवून बघा, बर, म्हणजे धातूची उठलेली बारीक धार, असेल तर नखाला कळते. ती बारीक ऑइल स्टोननं काढा, पण फक्त उठलेला कण काढायचा. फेस घासून "सपाट" करायला गेलात तर तुम्ही नवीन कल तयार करताय. खुणेसाठी शिशाची पेन्सिल वापरायची नाही: गरम भागात त्यातला कार्बन धातूत शिरतो. मंजूर मार्करच घ्या. कॅडमियमचा मुलामा दिलेले पाने टायटॅनियमजवळ नकोत, त्याचा अंश राहिला तर तापल्यावर धातू ठिसूळ होतो. नवीन मुलांना हे सगळं सोवळ्याओवळ्यासारखं वाटतं. वाटू दे. या सोवळ्यामागे कारणं आहेत.

भोकं नीट बघा म्हणते त्यालाही कारण आहे. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला एक एमडी-८८ विमान धावपट्टीवर उड्डाणासाठी पळत असताना डाव्या इंजिनाचा पुढचा फॅन हब (पंख्याची पाती धरणारी मधली डिस्क) फुटला आणि तुकडे प्रवासी केबिनमध्ये घुसले. दोन जण गेले. चौकशीत कळलं की भेग टाय रॉडच्या एका भोकातून सुरू झाली होती. ते भोक पाडताना आतला धातू तापून कडक झाला होता, बारीक चिरा पडल्या होत्या, आणि त्या तपासण्यांमधून सुटल्या. म्हणून डिस्क फ्लोरोसंट पेनिट्रंटच्या, म्हणजे चिरांत शिरून चमकणाऱ्या द्रवाच्या, तपासणीतून आल्याचा कागद हातात आल्याशिवाय मी ती टेबलावर घेत नसे, आणि कागद आला तरी प्रत्येक भोकात बॅटरी मारून बघायचे. त्यात मला कधीच काही सापडलं नाही. तरी बघायचे.

आता माझी फजिती. असेंब्लीत येऊन दोनच वर्षं झाली होती. तिसरी डिस्क बसवली, डायल लावला तर एका जागी सुई ३० मायक्रॉन चढली. मी डिस्क उचलून फिरवली, पुन्हा बसवली, पुन्हा तेच. उंचवटा डिस्कबरोबर फिरत नव्हता, जागच्या जागी राहत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की दोष खालच्या फेसवर आहे. नाही कळलं. दोन दिवस मी तिसऱ्या डिस्कला शिव्या घातल्या, ती नाकारण्याचा कागदसुद्धा लिहिला. शेवटी आमच्या एका वयस्कर फिटरकाकांनी दुसऱ्या डिस्कच्या फेसवर भिंग धरलं. दाबून चपटा, चकचकीत झालेला, केसाएवढा एक धागा. कॉटन वेस्टचा. मीच पुसलं होतं. काका काही बोलले नाहीत, कागद तेवढा फाडून टाकला.

त्यातून एक युक्ती मात्र पक्की झाली: शंका आली की वरची डिस्क फिरवून पुन्हा मोजा. उंचवटा बरोबर फिरला तर दोष वरचीत, जागीच राहिला तर खालचीत.

डायल

हा भाग सावकाश वाचा.

प्रत्येक डिस्क सुटी मोजायची. रोटरी टेबलवर खालच्या फेसवर आणि खालच्या स्पिगॉटवर ती सेंटर करा आणि लेव्हल करा, दोन मायक्रॉनच्या आत. यात पहिल्यांदा अर्धा दिवस जातो, पुढे वीस मिनिटं. मग वरचा स्पिगॉट आणि वरचा फेस यांवर डायल लावून टेबल फिरवा. बारा ठिकाणी वाचलं तर चालतं, चोवीस ठिकाणी वाचलं तर मला बरं वाटतं. पहिलं आणि शेवटचं वाचन एकाच जागेचं असतं. ती दोन्ही जुळली नाहीत तर मधली सगळी वाचनं खोडा आणि डायलचा स्टँड हलतोय का ते बघा.

आता दोन वाचनांमधला फरक. स्पिगॉटवर सुई एकूण २० मायक्रॉन हलली, तर डिस्कचं वरचं केंद्र सरकलंय १० मायक्रॉन, वीस नाही. सुई एका बाजूचं अधिक आणि दुसऱ्या बाजूचं उणं असं दोन्ही दाखवते. इंजिनिअर झालेली मुलंही इथे चुकतात. फेसचं मात्र वाचन हाच थेट कल: २५० मिमी व्यासावर सुई १० मायक्रॉन हलली म्हणजे फेस एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा १० मायक्रॉननं उंच आहे.

यातली जास्त वाईट चूक कुठली? बघणाऱ्याला स्पिगॉटची वाटते, कारण आकडा मोठा. पण स्पिगॉटची चूक वर कितीही डिस्क रचल्या तरी तेवढीच राहते. फेसची चूक वर चढत जाते. २५० वर १० मायक्रॉनचा कल, आणि त्याच्या वर ५०० मिमी उंचीची चळत, तर टोकाचं केंद्र १० गुणिले ५०० भागिले २५०, म्हणजे २० मायक्रॉन सरकणार. डायलवर ते ४० दिसणार. आजीची चुंबळ ती हीच.

कुठलीही डिस्क बिनचूक नसते. कला आहे ती चुका एकमेकींच्या अंगावर घालण्यात. प्रत्येक फेसचा सगळ्यात उंच बिंदू, हाय स्पॉट, मार्करनं खूण करून ठेवायचा आणि डिस्क अशा कोनात बसवायच्या की एकीचा कल दुसरीनं खावा.

एकदा एका शिकाऊ पोराला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सोपं आहे ना ताई. एकीचा हाय स्पॉट इकडे, पुढचीचा तिकडे, पुन्हा इकडे. विटा रचतो तसं."

मी म्हटलं, "कर हिशेब."

पाच डिस्क धरल्या, प्रत्येकी १०० मिमी उंच, २५० व्यासावर प्रत्येक वरच्या फेसचा कल ५ मायक्रॉन. तळाच्या डिस्कचा कल वरच्या ४०० मिमीवर काम करतो, दुसरीचा ३०० वर, तिसरीचा २०० वर, चौथीचा १०० वर. सगळे हाय स्पॉट एकाच बाजूला लावले, तर सगळी उंची मिळून १०००, म्हणजे टोक २० मायक्रॉननं सरकणार. त्याच्या पद्धतीनं एकाआड एक लावले: ४०० वजा ३०० अधिक २०० वजा १००, उरले २००. टोक ४ मायक्रॉन. पोरगं खूश झालं.

मग मी म्हटलं, आता पहिली इकडे, दुसरी आणि तिसरी तिकडे, चौथी पुन्हा इकडे. ४०० वजा ३०० वजा २०० अधिक १००. शून्य. मधली डिस्क दोनेक मायक्रॉन बाहेर राहते, पण टोक बरोबर मध्यावर येतं आणि वरचा फेसही सपाट. तो कागदाकडे बघतच राहिला. मलाही पहिल्यांदा हे सुचलं तेव्हा मी बघतच राहिले होते, ते त्याला नाही सांगितलं.

खऱ्या डिस्कमध्ये कल असे सारखे नसतात, दिशाही सोयीच्या नसतात. मी आलेखाच्या कागदावर बाण काढायचे: प्रत्येक डिस्कच्या कलाचा एक बाण, लांबी म्हणजे कल गुणिले वरची उंची, दिशा म्हणजे हाय स्पॉटचा कोन. एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडत जायची. शेवटचं टोक सुरुवातीच्या बिंदूजवळ परत आलं की चळत सरळ. आता संगणक हे क्षणात करतो आणि माझ्यापेक्षा चांगलं करतो. तरी दोन-तीन रोटर कागदावर करून बघा. संगणकात डिस्कची उंची चुकून एक शून्य जास्त पडली तर उत्तर विचित्र दिसायला हवं, आणि ते विचित्र आहे हे ज्यानं कधी बाण काढले त्यालाच दिसतं.

अडचण ही की डिस्क हव्या त्या कोनात बसत नाही. चोवीस भोकं असतील तर पंधरा-पंधरा अंशांच्या पायऱ्या मिळतात. कर्विकला छत्तीस दात असतील तर दहा अंशांच्या. काही डिस्कना एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, म्हणजे एकच जागा. तिथे हिशेब करून उपयोग नाही, जी डिस्क मिळाली ती तशीच घ्यायची आणि बाकीच्यांनी तिला सांभाळून घ्यायचं.

धाव चढवतात तशी

स्पिगॉटचा खांदा खोबणीपेक्षा मुद्दाम किंचित मोठा ठेवलेला असतो, फिरताना सुटू नये म्हणून. मग तो आत जाणार कसा? दिंडोरीकडे आमच्या गावी लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायचा ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लोखंडी धाव चाकापेक्षा लहान. गोवऱ्यांच्या गोल जाळात ती लाल करायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची, ठोकून सारखी करायची आणि लगेच पाणी. लाकूड कुरकुरायचं, वाफेचा लोट उठायचा आणि चाक आयुष्यभरासाठी आवळलं जायचं.

आपलंही तेच, फक्त जाळ नाही आणि पाणी तर अजिबात नाही. खोबणीची डिस्क ओव्हनमध्ये सगळीकडून सारखी तापवायची. ब्लो लँपनं एका बाजूनं तापवलेली डिस्क लंबगोल होते. २०० मिमीच्या पोलादी खोबणीला दर अंशाला २.४ मायक्रॉन. खांदा ६० मायक्रॉन मोठा असेल आणि उतरवताना अंग चोरायला आणखी ५० हवे असतील, तर ४६ अंश वाढवले की कागदावर भागतं. कागदावर. ओव्हनपासून टेबलापर्यंत येताना डिस्क गार होते, म्हणून मी ऐंशी अंश वाढ धरायचे. वरची मर्यादा मॅन्युअल सांगतं, ती ओलांडायची नाही.

दुसरा मार्ग खांदा गार करण्याचा: सुका बर्फ उणे ७८ अंश, द्रवरूप नायट्रोजन उणे १९६. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा मार्ग मला आवडत नाही. हवेतली ओल डिस्कवर पांढऱ्या बुरशीसारखी गोठते, ती पुसता पुसता वेळ जातो, आणि जी पुसली गेली नाही ती सांध्यात अडकून पाणी होते. नायट्रोजन वापरायचाच असेल तर खोलीची दारं उघडी हवीत. तो हवेतला प्राणवायू हटवतो आणि वास येत नाही, माणूस चक्कर न येताच खाली बसतो.

उतरवताना क्रेनचा हूक नेमका मध्यावर हवा. आधी कोरडी तालीम करा: गार डिस्क, रिकामा हूक, कोण कुठे उभा, कोण भोक बघणार, "थांबा" कोण म्हणणार. गरम डिस्क अर्ध्यात अडकली तर हातोडी उचलू नका. ती लगेच वर काढा, पुन्हा तापवा. अर्ध्यात आवळली गेलेली डिस्क काढताना खांद्यावर ओरखडा येतोच, आणि ओरखड्यानंतर तो खांदा मापात आहे की नाही यावर तीन खात्यांची बैठक.

बसली की काम संपत नाही, आणि इथे बरेच जण चहाला जातात. डिस्क गार होताना व्यासात आवळते तशी उंचीतही आकसते. खांदा आधी घट्ट पकडला तर फेस तिथल्या तिथे वर उचलला जातो आणि खाली केसाएवढी फट राहते. म्हणून तात्पुरत्या बोल्टांनी ती दाबून धरायची, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, आणि पूर्ण गार होईपर्यंत मधून मधून पुन्हा आवळायची. गार झाल्यावर ०.०३ मिमीचा फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सांध्यात कुठेही शिरता कामा नये. मग डायल, आणि मगच पुढची डिस्क. पाचही रचून शेवटी एकदाच मोजू म्हणणारा माणूस पाचही उतरवतो.

कर्विकला हा तापवण्याचा खटाटोप नाही. दातांना ब्लूचा, म्हणजे निळ्या रंगाचा, पातळ थर लावून दोन्ही फेस टेकवायचे आणि बघायचं की रंग सगळ्या दातांवर सारखा उठलाय का. एका बाजूच्या चार दातांवरच उठला तर धूळ शोधा.

आवळणं

टॉर्क पान्यावर लोकांचा फार विश्वास असतो. "कट्" आवाज आला की बोल्ट झाला. प्रत्यक्षात तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या तोंडाखाली घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणण्यासाठी उरतात जेमतेम दहा. ग्रीस थोडं कमी-जास्त झालं की त्या दहाचे सात होतात किंवा पंधरा, आणि पाना दोन्ही वेळा तसाच "कट्" म्हणतो. म्हणून कुठलं वंगण, किती आणि कुठे, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तसंच लावा, "आपलं नेहमीचं" नको.

खरं बघायचं असतं ते बोल्ट किती लांबला. प्रत्येक बोल्टाला नंबर द्या, आवळण्याआधी लांबी मोजून लिहा, आवळल्यावर पुन्हा मोजा. १०० मिमीचा पोलादी बोल्ट ०.२ मिमी लांबला तर त्यात सुमारे ४०० मेगापास्कल ताण आलाय. मधला लांब टाय बोल्ट, समजा ८०० मिमीचा, तितक्याच ताणाला १.६ मिमी लांबतो. तो हायड्रॉलिकनं ओढून, नट हातानं बसवून, मग दाब सोडतात. पिळून आवळला तर बोल्टच पिळतो. कड्याचे बोल्ट तीन फेऱ्यांत: साधारण तिसरा हिस्सा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, दर वेळी समोरासमोर. जुना बोल्ट सोडवल्यावर पहिल्या लांबीवर परत आला नाही तर तो भंगारात. परत वापरायचा मोह होतो कारण तो महाग असतो.

इतकं आवळून का ठेवायचं? फिरताना डिस्क बाहेरच्या बाजूला फुगते आणि त्याच वेळी जाडीत किंचित बारीक होते, जशी लाटताना चपाती पसरते आणि पातळ होते. जाडी कमी झाली की बोल्टांची पकड सैल पडते. उभ्या रोटरवर घट्ट वाटणारी चळत पूर्ण वेगावर सैल असू शकते, आणि सैल चळत प्रत्येक स्टार्टला नव्या जागी बसते. मग आज बॅलन्स केलेला, म्हणजे वजन सगळीकडून सारखं करून दिलेला, रोटर उद्या थरथरतो आणि दोष बॅलन्सिंगवाल्याला मिळतो.

मशीनवर

बॅलन्सिंगवाल्याचं नाव निघालंच आहे तर. आयएसओच्या वर्गवारीत टर्बाइनच्या रोटरना सहसा जी २.५ ही श्रेणी लावतात. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं; त्या वेगाला या श्रेणीत वजनाचं केंद्र जवळपास ८ मायक्रॉन सरकलेलं चालतं. आमचा छोटा रोटर १५,००० फेऱ्यांचा. तिथे परवानगी १.६ मायक्रॉन. चाळीस किलोचा रोटर असेल आणि केंद्र १० मायक्रॉन बाहेर राहिलं, तर बेअरिंगवर फिरता जोर येतो जवळपास शंभर किलो वजनाएवढा, सेकंदाला अडीचशे वेळा दिशा बदलत.

पण बॅलन्सिंगच्या मशीनवर गोड आकडा आला म्हणजे चळत सरळ आहे असं नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. मशीन मंद वेगावर दोन टोकांना वजन कमी-जास्त करून हिशेब जुळवतं. मधली डिस्क बाहेर असेल तरी टोकांची वजनं तिला झाकून टाकतात. पूर्ण वेगावर रोटर वाकायला लागतो आणि झाकलेलं उघडं पडतं. मशीनवर टोकाला नेहमीपेक्षा जास्त वजन लागतंय असं दिसलं, तर वजन लावू नका, डायल पुन्हा लावा. प्रत्येक डिस्क सुटी बॅलन्स झालेली असावी, पाती वजनी करून जड समोर जड अशा जोड्यांनी लावलेली असावीत. म्हणजे शेवटी जे उरेल ते चळतीचंच.

एकदा असा रोटर माझ्याकडे परत आला. मशीनवर पास, कागदावर सगळे शिक्के, टेस्ट बेडवर थरथर. उघडला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कमधला फेस एका बाजूनं ०.०४ मिमी वर. कुणीतरी गार होण्याआधी चहाला गेलं होतं. कोण ते कळलं नाही, कारण नोंदीच्या कागदावर "ओके" एवढंच लिहिलं होतं.

तेव्हापासून आमच्या टेबलावर "ओके" बंद. कागदावर लिहायचं ते असं: खोलीचं तापमान, डायलचा नंबर, प्रत्येक डिस्कची बसवण्याआधीची आणि नंतरची वाचनं, हाय स्पॉट कुठल्या भोकावर, बोल्टांच्या आधीच्या आणि नंतरच्या लांब्या, फिलर कुणी लावला. उदाहरणार्थ, "डिस्क ३, हाय स्पॉट १६५ अंश, भोक १२, गार झाल्यावर फेस ४ मायक्रॉन, फिलर शिरला नाही, सकाळी ११.४०." खाली दोन सह्या, ज्यानं डायल धरला त्याची आणि ज्यानं वाचला त्याची. मग रोटरला प्लॅस्टिकचं झाकण, उघड्या भोकांना बुच्च, आणि कागद रोटरच्याच पेटीत.